कसलं काय, चाललंय कसंबसं

सोलापूर, १९ जानेवारी १९७६

चि. शिवयोगी,

आशीर्वाद आहेतच, पण ते नंतर. आधी भांडून घेतो.

संक्रांतीची गड्ड्याची यात्रा झाली आणि तू आला नाहीस. कुर्डुवाडीहून सोलापूरला यायला किती वेळ लागतो हे मी तुला सांगायला नको, रेल्वेच्या वर्कशॉपात तूच आहेस. तुझ्या अव्वाने शेंगापोळ्या तीन दिवस झाकून ठेवल्या. चौथ्या दिवशी त्या मला वाढल्या आणि माझ्या तोंडात घास असताना म्हणाली, "तुम्हीच घालवलंत पोराला." आता मला सांग, दीड वर्षापूर्वी समितीने तुझा गाळ्याचा अर्ज नामंजूर केला यात माझा काय दोष? मी केंद्रात मिस्त्री आहे. गाळे वाटणारा मी कोण?

असो. अव्वाने लिहायला बसवलं आहे म्हणून लिहितो. आणि खरं सांगायचं तर घरात माझं रडगाणं ऐकायला आता कोणी तयार नाही.

तू गेलास तेव्हा आमच्या नवउद्योग केंद्राला कुंपणसुद्धा नव्हतं. आता अक्कलकोट रोडवरून जाणाऱ्याला लांबून पाटी दिसते. नियम तुला पाठ आहेत, तरी मला ते पुन्हा एकदा लिहू दे, म्हणजे माझं डोकं कशानं फिरलंय ते कळेल. नवा धंदा काढणाऱ्याला तीन वर्षं गाळा, तोही नाममात्र भाड्याने. वीज आहे. माझ्या कर्मशाळेतलं लेथ, ड्रिल, वेल्डिंग कोणीही वापरावं. बँकेत कोणता कागद कुठे घालायचा ते सांगायला व्यवस्थापक मानसिंगराव आहेत. तीन वर्षांत माणसानं पायावर उभं राहायचं आणि गाळा पुढच्याला मोकळा करून द्यायचा. किती साधी गोष्ट आहे! आठ गाळे, आठ माणसं, दर तीन वर्षांनी नवी आठ.

आणि एकही माणूस हलत नाही.

तीन नंबरच्या गुरप्पाची मुदत दसऱ्याला संपली. तो मागासाठी लाकडी कांड्या बनवतो, ज्यावर सूत भरून धोट्यात घालतात त्या. मी त्याला म्हणालो, "गुरप्पा, झाली की तीन वर्षं. आता आपली जागा बघ." तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "कसलं काय मामा, चाललंय कसंबसं. आज हाय, उद्या बंद पडंल, असं रोज भ्या वाटतंय." हे बोलताना त्याच्या मागे लाकूड कातायच्या सहा चात्या फिरत होत्या आणि चार बायका पोती शिवत होत्या. आवाज एवढा, की तेच वाक्य त्याला दोनदा ओरडून सांगावं लागलं.

अव्वाची तब्येत बरी आहे. गुडघे दुखतात. पत्र पाठव.

तुझा अप्पा

सोलापूर, ८ फेब्रुवारी १९७६

चि. शिवयोगी,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी! पोस्टकार्डाची उरलेली जागा काय सरकारला परत केलीस?

तुझं म्हणणं असं, की एक जूनपासून तुला कायम करणार, ३१ मेच्या आत सही द्यायची. सही केली की भुसावळ, आणि सात वर्षं तिथून हलायचं नाही. म्हणून गाळा रिकामा होणार असेल तर कळवा. यात 'अप्पा, कसे आहात' एवढं बसलं असतं.

उत्तर ऐक. गाळा रिकामा होणार नाही. सही कर.

कायमची नोकरी, राहायला क्वार्टर, म्हातारपणी पेन्शन. अशा नोकरीसाठी लोक देव पाण्यात घालून बसतात आणि तू मला गाळे विचारतोस? गिरणीनं आम्हा दोनशे जणांना बसवलं ते वर्ष तू पाहिलेलं आहेस. आठ महिने मी घरी होतो. रोज सकाळी डबा घेऊन निघायचो आणि सिद्धेश्वराच्या तळ्यावर बसून तो खाऊन यायचो, कारण शेजाऱ्यांना कळू नये. अव्वाला सगळं कळत होतं, तरी ती डबा भरून देत होती. ते दिवस मी कोणाच्या वाट्याला येऊ देणार नाही.

शिवाय धोट्याची पोलादी टोकं बनवायचं तुझ्या डोक्यात आहे, पण तू नमुन्याला दिलेली दोन टोकं आठवड्यात झिजली होती हे विसरू नकोस. मी तेव्हाच सांगितलं होतं.

आणि तू एकटाच रांगेत आहेस असं समजू नकोस. सोजरबाई म्हणून मोहोळकडची एक बाई आहे. दुष्काळात खडी फोडायला म्हणून गाव सोडलं, ती पुढे सोलापुरातच राहिली. शेंगाचटणी कुटून विकते. चटणी अशी, की मानसिंगरावांसारखा साहेब माणूस भाकरी मागवून खातो. तिला वीज असलेला गाळा पाहिजे, कुटायचं यंत्र बसवायला. दर सोमवारी फाटकापाशी येते आणि प्रतीक्षायादी वाचून घेते, तिला वाचता येत नाही. "बगा की मामा, माजं नाव हाय न्हवं आजून? का कुनी खोडलं?" मी म्हणतो, "आहे बाई, पहिलंच आहे." ती म्हणते, "पयलं आसून दोन वरसं हितंच हाय. हातानं कुटून माजं खांदं गेलं." आणि जाते. तिच्यासमोर मला मान वर करता येत नाही.

गुरप्पाला मी पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा कपाळाला हात लावला.

तुझा अप्पा

सोलापूर, २२ मार्च १९७६

चि. शिवयोगी,

तू उत्तर दिलं नाहीस. मी तरी लिहितो, कारण जे झालं ते कोणाला तरी सांगितलं नाही तर माझी नस फुटेल.

केंद्राचं काम कसं चाललंय ते पाहायला पुण्याहून तीन जणांची समिती आली. पंधरा दिवस आधी पत्र आलं होतं, तारीख वार सगळं कळवून. हल्ली साहेब लोक वेळेवर येतात, दहा म्हणजे दहाला जीप फाटकात. दोघं वयस्कर, तिसरा तरुण, इंग्रजी शिकलेला, हातात छापील फॉर्म. मानसिंगरावांनी भिंतीवर तक्ते लावले होते, लाल हिरव्या रेघांचे. त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही. फॉर्मात पहिलाच प्रश्न : धंदा कसा आहे? पुढे तीन चौकोन. उत्तम, बरा, वाईट.

तूच सांग, आपल्या बाजारात कोणी 'माझा धंदा उत्तम आहे' असं तोंडानं बोललेलं तू जन्मात ऐकलं आहेस? चाटी गल्लीतल्या मोठ्यातल्या मोठ्या पेढीवर जा आणि विचार. "कसलं काय" हेच उत्तर येणार. दृष्ट लागते, भाऊबंद उसने मागायला येतात, आणि वर तोंड करून बोलणं बरं दिसत नाही. हे आपल्याला आईच्या दुधातून मिळतं. त्या तरुण साहेबाला ते कसं कळावं?

गुरप्पा म्हणाला, "कसलं काय साहेब, चाललंय कसंबसं." साहेबानं 'वाईट'वर खूण केली.

पाच नंबरचा चनबसप्पा मोटरपंपाचे फुटव्हॉल्व्ह बनवतो. त्याचा माल विजापूरपासून लातूरपर्यंत जातो. तो हात जोडून म्हणाला, "शिवाच्या कृपेनं पोट भरतंय." साहेबानं लिहिलं : केवळ उदरनिर्वाह.

आठही गाळ्यांत हेच. एकालाही वाटलं नाही की हा माणूस लिहून घेतोय!

शेवटी साहेब माझ्याकडे आले. "कर्मशाळेचा उपयोग होतो का?" माझं लेथ सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत थांबत नाही, पट्टा वर्षातून दोनदा बदलावा लागतो. आणि मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "होतो थोडाफार." साहेबानं लिहिलं : अल्प.

त्या दिवशी गाळे जरा शांत होते. चात्या बंद, माल दिसत नव्हता. योगायोग म्हणायचा. मी त्याच्या खोलात गेलो नाही.

अव्वा विचारते, भुसावळला केळी स्वस्त असतात का. म्हणजे तिनं मनाची तयारी केली आहे. तूही कर.

तुझा अप्पा

सोलापूर, १६ एप्रिल १९७६

चि. शिवयोगी,

अहवाल आला. 'तीन वर्षांच्या साहाय्यानंतरही एकही उद्योग स्वावलंबी झालेला नाही. केंद्राचा प्रयोग निष्फळ. ३० जूनअखेर बंद करून यंत्रसामग्री अन्य जिल्ह्यास द्यावी.' मानसिंगरावांनी हे मोठ्यानं वाचलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग स्वतःच्या हातानं भिंतीवरचे तक्ते उतरवले. भला माणूस आहे रे. ह्या लोकांसाठी त्याने बँकेच्या पायऱ्या झिजवल्या.

गाळेवाले धावत आले. "मामा, असं कसं? आमचं तर बरं चाललंय की!" गुरप्पानं हे माझ्या तोंडावर म्हटलं! मला इतका संताप आला की हातातला पाना मी टेबलावर आपटला.

पण संताप कोणावर आला ते तुला सांगतो. मागच्या पत्रात योगायोग म्हणून लिहिलं, ते खोटं होतं. गुरप्पाच्या कांड्यांची साठ पोती त्या दिवशी माझ्याच कर्मशाळेत होती, ताडपत्रीखाली. चनबसप्पाचे व्हॉल्व्हही. चात्या बंद ठेवा हे मीच सांगितलं होतं, आणि आताच नाही, गेल्या वर्षीच्या तपासणीलाही. गुरप्पा पहिल्यांदा माझ्याकडे आला होता तेव्हा त्याला टेप धरता येत नव्हता. लेथवर हात धरून शिकवलं. तो बाहेर जाऊन आपटला तर? भाडं परवडलं नाही तर? मला वाटलं, अजून एक वर्ष राहू दे सावलीत. मग एकाला दिलं तर दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं? असं करत आठही जणांना मी दडवून ठेवलं आणि वर तुला पत्रं लिहून त्यांनाच शिव्या घालत बसलो.

अव्वाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "साकु. आता पुरे करा दडवादडवी. त्या चटणीवालीला काय सांगणार सोमवारी?"

सोमवारी मी सोजरबाईला सांगितलं की केंद्रच बंद होतंय. तिनं यादी वाचायला सांगितली नाही. नुसतं म्हणाली, "मंग माजं पयलं नाव कशाचं पयलं?"

तू सही केलीस की नाही ते तरी कळव.

अप्पा

सोलापूर, ३ मे १९७६

चि. शिवयोगी,

सही केलीस की नाही? अजून कार्ड नाही. इकडे काय झालं ते वाच.

समितीचे मुख्य साहेब यंत्रांची यादी करायला परत आले होते, सात रस्त्याजवळच्या कचेरीत. मी धुतलेला सदरा घातला आणि न विचारता आत गेलो. म्हणालो, "साहेब, अहवाल खोटा आहे." ते म्हणाले, "तुमच्याच लोकांनी सांगितलेलं लिहिलंय." मी म्हणालो, "आमच्या लोकांनी खोटं सांगितलं. माल मी लपवला. माझ्यावर काय कारवाई करायची ती करा, पण एकदा आगाऊ न कळवता या. आत्ता या."

आले, बघ. जीपमध्ये मलाच पुढे बसवलं.

फाटकातून आत शिरलो आणि आमचं बोलणं आम्हालाच ऐकू येईना. आठही गाळे सुरू. गुरप्पाची पोती दारापर्यंत आलेली. चनबसप्पाच्या दारात दोन टेम्पो उभे. साहेब गाळ्यागाळ्यातून फिरले, माल हातात घेऊन पाहिला. फॉर्म काढलाच नाही. गुरप्पानं सवयीनं तोंड उघडलं, "कसलं काय सा—" आणि माझ्याकडे बघून गप्प बसला.

निकाल परवा आला. केंद्र चालू राहणार. मुदत संपलेल्या पाच जणांनी जूनअखेर गाळे सोडायचे. बाहेर गेल्यावरही दोन वर्षं शनिवारी माझं लेथ वापरायला मोकळीक, ही मानसिंगरावांची सूचना, ती साहेबांनी मान्य केली. मला लेखी ताकीद मिळाली आहे, नोकरी वाचली.

पाच जण माझ्याशी बोलेनासे झाले. गुरप्पा म्हणाला, "मामा, तुमी आमचं वाटोळं केलं." आणि काल कळलं, त्यानं होटगी रोडला जागा दिवाळीतच घेऊन ठेवली होती! वर भिंतीसुद्धा उभ्या! माझ्यापासूनसुद्धा लपवलं लेकाच्यानं. मला हसावं की रडावं कळेना.

सोजरबाईला पहिला गाळा मिळाला. यादी साहेबांसमोर वाचली. नंतर थोडं बोलणं झालं, ते काही महत्त्वाचं नाही.

अप्पा

सोलापूर, ९ मे १९७६

शिवयोगी,

ते बोलणं महत्त्वाचं होतं. सहा दिवस झाले, मला जेवण गोड लागत नाही.

यादी वाचून झाली तेव्हा सोजरबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "मामा, तुमच्या पोराचं नाव कुटं हाय ओ? तुमी म्हनला हुता त्यानंबी अर्ज केलाय. दोन वरसं मी यादी वाचून घेतीया. नामंजुरांचीबी नावं तुमी वाचून दावलासा. त्येचं नाव तर कदी आलंच न्हाय." तिला वाईट वाटत होतं रे, तुझ्यावर अन्याय झाला म्हणून. मानसिंगराव माझ्याकडे बघायला लागले. मी पाना उचलून कर्मशाळेत निघून गेलो.

तुझा अर्ज समितीकडे गेलाच नाही. तू तो विश्वासानं माझ्या हातात दिला होतास. आठ दिवस मी तो डब्याच्या पिशवीत वागवला. नवव्या दिवशी सकाळी पाणी तापवताना बंबात घातला. मग तुला सांगितलं, समितीनं नाकारला. तू समितीवर चिडलास, माझ्यावर चिडलास, की मी शब्द टाकला नाही म्हणून. मी ते ऐकून घेतलं, कारण खऱ्यापेक्षा ते सोपं होतं.

आणि ती दोन टोकं. ती आठवड्यात झिजली नाहीत. गुरप्पाच्या चुलत्याच्या मागावर मी ती बसवली होती. बाजारची टोकं चार महिन्यांत जातात. तुझी अकरा महिने चालली, आणि तीही धोट्याचं लाकूड फुटलं म्हणून काढली. चुलता अजून विचारतो, "कोणी बनवली होती हो ती?" मी म्हणतो, बाहेरून आणली होती.

तुझं काम चांगलं आहे. माझ्यापेक्षा चांगलं आहे. हे मी तुला एकदाही म्हटलेलं नाही. मॅट्रिक पास झालास तेव्हाही मी शेजाऱ्यांना 'कसाबसा निघाला' म्हणालो होतो, तू दारात उभा होतास. मला वाटायचं, बोललं की काहीतरी वाईट होईल. गिरणीत मी सगळ्यांना छाती ठोकून सांगायचो, मला कोण काढतंय! आणि काढलं. तेव्हापासून माझ्या मनात भीतीच बसली आहे. तुला तळ्यावर एकट्याला डबा खाताना बघायची मला भीती वाटली. दुसऱ्यांच्या पोरांना धंद्यात उतरवायचा पगार मी घेतो, आणि स्वतःच्या पोराला उतरू दिलं नाही.

अव्वाला काल सांगितलं. तिनं ताट वाढलं आणि आत जाऊन निजली. अजून बोललेली नाही. तू बोलला नाहीस तरी मला चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी काय म्हणणार?

सही केली असशील तर हे पत्र फाडून टाक आणि भुसावळला सुखानं राहा. ती नोकरी वाईट नाही, त्याबद्दल मी खोटं बोललो नव्हतो. केली नसशील तर ऐक. चार गाळे शिल्लक आहेत, तेरा अर्ज येऊन पडलेत. मिळेलच असं नाही. मिळाला तरी धंदा चालेलच असं नाही. निवड करायला पुण्याचे लोक येणार आहेत, माझा त्यात शब्द चालत नाही आणि चालला तरी मी टाकणार नाही.

सोबत कोरा फॉर्म आहे. शेवटची तारीख २० मे, संध्याकाळी पाच. 'पूर्वीचा अनुभव' या रकान्यात रेल्वे लिही. 'नमुन्याची चाचणी' या रकान्यात अकरा महिने लिही, चुलता सही करायला तयार आहे, त्याला मी आज खरं सांगून आलो.

फॉर्म पोस्टानं पाठवू नकोस. स्वतः ये, मानसिंगरावांच्या खिडकीवर दे आणि शिक्का मारलेली पोच घे. कर्मशाळा वाटेतच लागते. मी दारात उभा असेन, हात पुढे करीन, 'दे, मी देतो' असंही म्हणेन कदाचित, सवयच आहे. माझ्या हातात देऊ नकोस.

अप्पा